भाविकाशी वाद घालावा, पण कशावर?

घोडेगावचा जनावरांचा बाजार शुक्रवारी भरतो. म्हैस घ्यायला आलेला गडी तिचे दात बघतो, कास चाचपतो, चार पावलं चालवून बघतो, जमल्यास धारही काढून बघतो. विकणाऱ्याने पोराबाळांची शपथ घातली तरी त्याचा विश्वास बसत नाही. भाव ठरायला दुपार होते. हाच गडी बाजार आटोपून शिंगणापूरच्या रस्त्याला लागतो आणि शनीच्या शिळेवर तेल वाहतो. तिथे तो दात बघत नाही.

नगर-संभाजीनगर रस्त्यावरून शनिशिंगणापूरला वळायचं ते घोडेगावातून. त्यामुळे श्रद्धा आणि व्यवहार या गावात रोजच एकमेकांना खेटून चालतात. बाहेरगावच्या गाडीमागे मोटारसायकल घालून भाविकाला ठरलेल्या पूजासाहित्याच्या दुकानात नेणाऱ्या पोरांना इथे ‘लटकू’ म्हणतात. तेल, काळं कापड, काळी बाहुली, रुईची पानं असं ताट समोर येतं आणि भाव ऐकून भाविक भडकतो. शनीच्या कोपाला घाबरणारा माणूस लटकूशी मात्र मनसोक्त भांडतो, पावती मागतो, प्रसंगी पोलिसांत जातो. भाविक वाद घालत नाही हे म्हणणं इथेच निकालात निघतं. तो वाद घालतो. कुणाशी आणि कशावर, हे तो स्वतः ठरवतो.

धर्मश्रद्धेवर श्रद्धावंताशी बोलावं की गप्प बसावं, हा प्रश्न महाराष्ट्रात निदान दोनशे वर्षं चघळला जातो आहे. त्याला दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक सुधारकाचं: नीट समजावलं की पटेल. दुसरं शहाण्यासुरत्या शेजाऱ्याचं: कशाला कुणाच्या भावना दुखवायच्या, पटणार तर नाहीच. दोन्ही उत्तरांत भाविकाला जरा कमीच लेखलेलं आहे. पहिल्यात तो अडाणी ठरतो, दुसऱ्यात नाजूक.

जाहीर वादाचा अनुभव मराठी माणसाला कमी नाही. १८३१च्या सुमारास मुंबईत जॉन विल्सन हे मिशनरी आणि मोरभट दांडेकर यांच्यात धर्मावर खडाजंगी झाली, मग दोन्ही बाजूंनी पुस्तकं निघाली. १८५७मध्ये जानेवारीपासून मेअखेरपर्यंत विष्णुबुवा ब्रह्मचारी दर गुरुवारी संध्याकाळी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी वाद घालत. लोक गर्दी करत. जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने त्या वादाचा वृत्तान्त छापला. बुवा हजरजबाबी होते, समोरचेही काही कच्चे नव्हते. निकाल काय? बुवा ख्रिस्ती झाले नाहीत, मिशनरी वेदान्ती झाले नाहीत, आणि प्रत्येक बाजू आपणच जिंकलो असं समजून घरी गेली. अशा फडात बोलणारा समोरच्यासाठी बोलतच नाही. तो बघ्यांसाठी बोलतो. बघ्यांपैकी एखादा हललाच तर तो नंतर, एकटा असताना. बाबा पदमनजी १८५४मध्ये ख्रिस्ती झाले, पण ‘अरुणोदय’ या त्यांच्या आत्मचरित्रात दिसतो तो कित्येक वर्षांचा वाचनाचा आणि घालमेलीचा प्रवास. एखाद्या संध्याकाळच्या सभेत त्यांना कुणी जिंकलेलं नाही.

नगर जिल्ह्याकडे याहून चांगलं उदाहरण आहे आणि ते एका घरातलं आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांची कर्मभूमी नगर झाली, अमेरिकन मराठी मिशनचं मोठं ठाणं. लक्ष्मीबाई मात्र कर्मठ घरातल्या. नवरा बाटला म्हणून त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे एकत्र आल्या तरी सोवळं सुटेना. आपलं अन्नपाणी वेगळं, शिवाशिव वेगळी. टिळक तापट होते, बोलण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता, तरी बायकोचं सोवळं त्यांच्या व्याख्यानांनी सुटलं नाही. ते सुटलं लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या विचारांनी. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि उत्तरही स्वतःच काढलं. त्यानंतर त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक नवऱ्याच्या धर्माचा प्रचार म्हणून कुणी वाचत नाही. लोक ते वाचतात कारण त्यात एक बाई आपलं मत आपल्या हाताने बदलताना दिसते, आणि ते सांगताना स्वतःवर हसतेही.

इथे टिळकांचं श्रेय शून्य नाही. त्यांनी वाद घातले असतील, चिडचिडही केली असेल, पण दार लावून घेतलं नाही. सक्ती केली नाही. मत बदलायचं तर माणसाला आपली अब्रू राखून बदलता आलं पाहिजे, आणि चारचौघांतल्या वादात नेमकी तीच सोय नसते.

संतपरंपरेने ही सोय शोधून काढली होती. नेवासे तालुक्याला हे सांगायला नको. तिथल्या पैस खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवर भाष्य केलं, तेही संस्कृतच्या मक्तेदारीला शब्दाने न डिवचता, सरळ मराठीत. पलीकडे पैठणला एकनाथांनी हिंदू आणि तुर्क यांचा संवादच रचला. दोघे एकमेकांचं यथेच्छ उणंदुणं काढतात आणि शेवटी एकमेकांना भेटतात. कुणाचीही बाजू गुळमुळीत केलेली नाही. आजच्या वाहिनीवर तो संवाद म्हटला तर पहिल्या पाच मिनिटांत गुन्हा दाखल होईल.

गाडगेबाबांनी हीच रीत कीर्तनात आणली. ते सांगत कमी आणि विचारत जास्त. श्रोत्यांना प्रश्न, श्रोत्यांचं उत्तर, त्यावर पुढचा प्रश्न. नवसाचं बोकड, कर्ज काढून केलेली तिथी, देवापुढचा नैवेद्य चाटणारं कुत्रं, असा त्यांचा मजकूर असे. देव नाही, असं म्हणायची त्यांना गरजच पडली नाही. बोकडाच्या नवसावर ते अशी सरबत्ती करत की भाविकाच्याच तोंडून उत्तर बाहेर पडे. शिवाय हातात खराटा होता, अंगावर चिंध्या होत्या आणि पंढरपुरात बांधलेली धर्मशाळा सगळ्यांना दिसत होती. असा माणूस बोलला तर ऐकावं लागतं. तोच प्रश्न इस्त्रीच्या कपड्यातल्या व्याख्यात्याने विचारला की टोमणा वाटतो.

विसाव्या शतकाच्या शेवटी हा सगळा प्रश्न एका रंगमंचावर दोन खुर्च्यांत बसला. डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर महाराष्ट्रभर ‘विवेकजागराचा वाद-संवाद’ हा कार्यक्रम करत. लागू उघड नास्तिक. देवाला रिटायर करा, असं लिहून त्यांनी खळबळ उडवली होती. त्यांचं म्हणणं, देव ही कल्पनाच सगळ्या अंधश्रद्धांची जननी. ती सोडून बाकीच्यांशी लढणं म्हणजे झाड ठेवून पानं खुडणं. दाभोलकरांनी १९८९मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढली तेव्हाच ठरवलं होतं, की समितीचा विरोध देवाधर्माला नाही, त्यांच्या नावावर होणाऱ्या शोषणाला आहे. पक्के नास्तिक यावर नाराज होते, आणि सनातनी म्हणत की हे नुसतं सोंग आहे.

लागूंच्या मुद्द्यात दम आहे हे मान्य करायला हवं. आपल्या मनात एक आणि समोर दुसरं बोलायचं, भाविकाला झेपणार नाही म्हणून मूळ प्रश्न झाकून ठेवायचा, यात एक प्रकारचा आढ्यतेखोरपणा आहे. मोठ्या माणसाला मोठ्या माणसासारखं वागवायचं तर त्याला आपलं खरं मत सांगावं. तरीही हिशेब मांडला तर गावागावांत काम उभं राहिलं ते दाभोलकरांच्या वाटेने. लागूंना टाळ्या मिळाल्या आणि दाभोलकरांना कार्यकर्ते. विशेष म्हणजे त्या कार्यकर्त्यांमध्ये घरी गणपती बसवणारेही होते.

गणपतीवरून आठवलं. २१ सप्टेंबर १९९५ला देशभर गणपती दूध प्यायला लागला. मराठी घरांतही वाट्या-चमचे घेऊन रांगा लागल्या. कार्यकर्त्यांनी आणि शास्त्रज्ञांनी पृष्ठताण समजावून सांगितला, साध्या वस्तूही तसंच दूध ‘पितात’ हे करून दाखवलं. चमत्कार ओसरला, पण गणपतीवरची श्रद्धा तसूभर कमी झाली नाही. ज्यांना ती कमी व्हावी असं वाटत होतं ते खट्टू झाले. त्यानंतरच्या वर्षांत समितीने विसर्जित मूर्ती आणि निर्माल्य दान करण्याची मोहीम चालवली. नदीकाठी उभं राहून कुणालाही गणपती खरा का, असं विचारायचं नाही; पाणी तेवढं दाखवायचं. सुरुवातीला त्यावरूनही हाणामारीचे प्रसंग आले. आज महापालिकाच हौद बांधतात आणि आरती म्हणून झाल्यावर लोक मूर्ती तिथे देतात. एका पिढीत एवढा बदल झाला आणि त्यासाठी एकालाही नास्तिक व्हावं लागलं नाही.

जटांचं कामही असंच. केसात जट झाली की देवीचं बोलावणं आलं, ती कापली तर कोप होणार, या भीतीने बायका वर्षानुवर्षं किलोकिलोचं ओझं डोक्यावर वागवतात. मान दुखते, केसांत उवा होतात, झोप लागत नाही. पुण्यात नंदिनी जाधव यांनी अशा शेकडो बायकांच्या जटा सोडवल्या. त्या एका भेटीत कात्री काढत नाहीत. घरी जायचं, सासूशी बोलायचं, नवऱ्याशी बोलायचं, आधी जट काढलेल्या बाईची गाठ घालून द्यायची, नंतर काही वाईट झालं तर काय, याचं उत्तर द्यायचं. इथे वाद आहेच, चिवट वाद. मात्र तो देवीच्या अस्तित्वावर नसून मानेच्या दुखण्यावर आहे.

परदेशातले अभ्यास साधारण हेच सुचवतात, पण ते जपून वाचावे लागतात. २०१०मध्ये नायहन आणि रायफलर या अमेरिकी अभ्यासकांनी लिहिलं, की चुकीच्या समजुतीला पुरावा दाखवला तर काही लोक ती समजूत उलट घट्ट धरतात. हे इतकं गाजलं की पुरावा देण्यात अर्थच नाही, असं सर्रास म्हटलं जाऊ लागलं. नंतर वुड आणि पोर्टर यांनी मोठ्या प्रमाणावर पडताळलं, तर असा उलटा परिणाम क्वचितच सापडला. २०१६मध्ये ब्रूकमन आणि काला यांनी मायामीतला प्रयोग प्रसिद्ध केला. दारोदार जाऊन सुमारे दहा मिनिटं, समोरच्याला त्याचा स्वतःचा अनुभव विचारत केलेल्या गप्पांनी तृतीयपंथीयांबद्दलचा पूर्वग्रह कमी झाला आणि तो परिणाम तीन महिन्यांनंतरही टिकला. तो प्रयोग धर्मश्रद्धेवर नव्हता. पण गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलेल्या म्हाताऱ्याला त्यात नवं काही वाटलं नसतं.

आता शिंगणापूर. इथे या सगळ्या उपायांची कसोटी लागली आणि सरळ उत्तर कुणालाच मिळालं नाही.

गावाची ख्याती अशी, की घरांना दारं नाहीत आणि चोरी होत नाही. चोराला शनी शिक्षा करतो. दाभोलकरांच्या समितीने ‘चला शिंगणापूरला चोरी करायला’ अशी मोहीम पुकारून दावा तपासायला सांगितलं. आव्हान खणखणीत होतं, गदारोळही झाला. गावाला ती थट्टा वाटली आणि समितीबद्दलचा राग तेवढा शिल्लक राहिला. पुढे २०१०मध्ये परराज्यातून आलेल्या एका भाविकाने गाडीतले पैसे चोरीला गेल्याची तक्रार दिली, पुढच्या वर्षी दागिन्यांची. म्हणजे समितीला जे करून दाखवायचं होतं ते चोरांनीच केलं. समजूत मोडली का? नाही. चोरी गावाच्या हद्दीबाहेर झाली, असं उत्तर आलं. २०११च्या जानेवारीत युको बँकेने इथे ‘बिनकुलपाची’ शाखा उघडली. तिला काचेचं दार होतं आणि त्या दाराला चटकन नजरेस न येणारं, विजेवर चालणारं चुंबकी कुलूप. गावाच्या श्रद्धेचा मान राखत बँकेने आपली तिजोरीही राखली. २०१५मध्ये गावात पोलीस ठाणंही आलं.

शनीची शिळा ज्यावर आहे त्या चौथऱ्याची गोष्ट वेगळी, कारण तिथे कुणाचा तरी हक्क अडला होता. बायकांना चौथऱ्यावर जायला बंदी. २०००मध्ये दाभोलकर, लागू यांच्यासारख्यांनी सत्याग्रह पुकारला, धरपकड झाली, प्रकरण न्यायालयात गेलं आणि रेंगाळलं. २८ नोव्हेंबर २०१५ला एक तरुणी सरळ चौथऱ्यावर चढली आणि दर्शन घेऊन उतरली. सुरक्षारक्षक निलंबित झाले, शिळेला अभिषेक घालून शुद्धी झाली. जानेवारीत अनिता शेटे देवस्थानच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या, तरी चौथरा बंदच राहिला. २६ जानेवारी २०१६ला तृप्ती देसाईंच्या भूमाता ब्रिगेडच्या शेकडो बायका निघाल्या, त्यांना सुप्याजवळ अडवलं. श्री श्री रविशंकर मध्यस्थीला आले आणि पुरुषांनीही चढू नये असा तोडगा त्यांनी सुचवला.

दरम्यान विद्या बाळ आणि अॅड. नीलिमा वर्तक यांनी उच्च न्यायालयात याचिका केली होती. त्यांनी शनीचा महिमा, विटाळ, ग्रहपीडा यांतलं काही काढलं नाही. हिंदू सार्वजनिक पूजास्थानांत प्रवेश देणारा १९५६चा राज्याचा कायदा दाखवला. न्यायालयाने १ एप्रिलला सरकारला तो राबवायला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी देसाई शिंगणापुरात पोहोचल्या तर गावकऱ्यांनी वाट अडवली आणि धक्काबुक्की झाली. अडवणाऱ्यांत बायकाही होत्या, ही गोष्ट सुधारकांना अजून सलते.

आणि मग ८ एप्रिल, गुढीपाडवा. पाडव्याला प्रवरासंगमहून कावडीने गोदावरीचं पाणी आणून शनीला घालायची गावाची जुनी चाल आहे. देवस्थानने तोवर पुरुषांनाही चौथरा बंद केला होता. कावडी घेऊन आलेले अडीचशेच्या आसपास पुरुष ती बंदी मोडून वर चढले आणि पाणी घातलं. आता पुरुष चढले आणि बायका नाहीत, असं म्हणायला न्यायालयाने जागा ठेवली नव्हती. देवस्थानने त्याच दिवशी चौथरा सगळ्यांना खुला केला आणि संध्याकाळी बायकांनी दर्शन घेतलं. वादात कुणी कुणाला हरवलं नव्हतं. कायद्याचा दाब होता, आंदोलनाचा रेटा होता, आणि शेवटचा धक्का कावडीच्या रूढीने चौथराबंदीला दिला. गावातल्या किती जणांचं मत त्या दिवशी बदललं असेल? फार नाही. मत बदलायची वाट बघत बसायचं असतं तर चौथरा आजही बंद असता.

हमीद दलवाईंनाही हे कळलं होतं. १९६६मध्ये मुंबईत सात मुस्लिम बायकांचा मोर्चा त्यांनी काढला तो तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध. १९७०मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. पुढे असगर अली इंजिनियर यांनी तेच हक्क कुराणाच्या आधाराने मागितले.  आंबेडकर तर शास्त्रांचं पावित्र्य मोडल्याशिवाय जात मोडणार नाही असं १९३६मध्येच सांगून बसले होते. काळाराम मंदिराच्या दारात पाच वर्षं सत्याग्रह केल्यावर, येवल्यात १९३५ला त्यांनी भाविकांशी बोलणंच थांबवलं आणि धर्म सोडायची घोषणा केली. ज्याच्यावर अन्याय होतो त्याने समजुतीने किती वर्षं बोलत राहावं, याचं उत्तर सुखवस्तू माणसाने देऊ नये.

बोलण्याची किंमतही बघावी लागते. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात दाभोलकरांना गोळ्या घालण्यात आल्या. २०१५मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरे आणि धारवाडला कलबुर्गी मारले गेले. दाभोलकर प्रकरणात २०२४च्या मे महिन्यात न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, तिघे सुटले. ‘भावना दुखावू नयेत’ हा सल्ला त्यानंतर निव्वळ सभ्यतेचा राहिलेला नाही, त्यात धास्तीही मिसळली आहे. जो माणूस इतकी वर्षं देवाधर्माला विरोध नाही म्हणत राहिला त्यालाच मारलं, हे लक्षात घेतलं तर मवाळ भाषा संरक्षण देते असंही समजायला नको. मवाळ भाषा वापरायची ती परिणामकारक आहे म्हणून.

दाभोलकरांच्या खुनानंतर आलेला जादूटोणाविरोधी कायदा या सगळ्या वादाचं गाळलेलं रूप आहे. वारकऱ्यांच्या आक्षेपांमुळे तो वर्षानुवर्षं अडला, कलमामागून कलम बदललं. अखेर वारी, प्रदक्षिणा, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन याला तो लागू नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं गेलं. श्रद्धेला हात नाही, कृत्याला सहा महिने ते सात वर्षं कैद. पुष्कळांना ही माघार वाटली. हा आढावा घेताना मात्र वाटतं, की दोनशे वर्षांच्या भांडणातून महाराष्ट्राने काढलेली ही रेघ बऱ्यापैकी योग्य जागी पडली आहे.

तेव्हा सासूबाईंनी शनिवारी उपास धरला तर त्यांच्याशी ग्रहगोलांवर वाद घालू नये, त्यांनी विचारलं तर आपलं मत मात्र लपवू नये. पंचांग बघून सुनेचं ऑपरेशन पुढे ढकलायला निघाल्या तर घरातल्यांनी बसून बोलावं, राग आला तरी बोलावं. आणि कायद्याच्या अनुसूचीत साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणं हाही गुन्हा आहे, हे उसाच्या या पट्ट्यात प्रत्येकाने लक्षात ठेवावं. रात्री पाणी धरायला गेलेल्या कुणाला साप चावला आणि लोक त्याला देवळाकडे न्यायला लागले, तर देव आहे की नाही याची चर्चा काढू नका. गाडी काढा, सरकारी दवाखाना गाठा, विषावरचं औषध टोचून घ्या. नारळ परत येताना फोडता येतो, आणि तो फोडायला त्यांच्याबरोबर जायलाही हरकत नाही.